अडकित्त्याला हात लावू नकोस

प्रिय सुध्या,

तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच. तुझ्या कथेची प्रत आणि संपादकांचा निरोप, दोन्ही पोचलं. 'अडकित्ता कशाचं प्रतीक आहे ते एका वाक्यात येऊ द्या' म्हणे! फोनवर बोललो असतो तर 'हो रे बाबा' म्हणून तू विषय बदलला असतास, म्हणून कागद घेतला.

ते वाक्य घालू नकोस. 'माईच्या हातातला अडकित्ता म्हणजे जणू तिचा मोडलेला संसार' असलं काहीतरी तू लिहिणार, मला तुझा हात ठाऊक आहे. तो 'जणू' आला की वाचकाला माईकडे बघायचं कारणच उरत नाही.

कॅथरिन मॅन्सफिल्डबाईंची 'द फ्लाय' ही कथा (1922) पुन्हा काढ. हो, तीच, जिच्यावरून आपलं वाजलं होतं. माशी म्हणजे साहेबाचा युद्धात मेलेला मुलगा, हा हेका तू अजून सोडला नसशील. मग साहेबाचं काय करतोस? कथा त्याची आहे. मुलासाठी रडायचं ठरवून तो दार लावून बसतो आणि रडूच येत नाही. दौतीत पडलेली माशी पेनानं काढून टीपकागदावर ठेवतो. ती पंख पुसून उडायच्या बेतात आली की वरून शाईचा थेंब. ती पुन्हा पुसते, याला तिचं कौतुक वाटतं, की दुसरा थेंब. मग तिला वाळवायला फुंकरही घालतो आणि तरी तिसरा टाकतोच. माशी मरते. तो नवा टीपकागद मागवतो. आधी आपण कशाचा विचार करत होतो ते काही केल्या आठवत नाही. माया आणि क्रौर्य एकाच मनगटात, आणि बाईंनी त्यावर अवाक्षर काढलेलं नाही. (साहेबाला भेटायला आलेल्या म्हाताऱ्या वुडिफिल्डला मुलाची बेल्जियममधली कबर सांगता सांगता हॉटेलनं मुरंब्याच्या बरणीचे घेतलेले दहा फ्रँक आठवतात, ते विसरू नकोस. तुझ्या काकांची आठवण येते की नाही?)

आता अडकित्ता. तुझ्या प्रतीत तो नऊदा येतो. चारदा पुरे. पहिल्यांदा नुसती वस्तू म्हणून येऊ दे: खिळा ढिला झालाय, सुपारी निसटते, बास. दुसऱ्यांदा विनय नोकरीचं सांगतोय आणि माई बारीक कातरतेय. तिसऱ्यांदा फ्लॅट विकायचा विषय निघतो. माई म्हणते, 'तुमचं तुम्ही ठरवा,' आणि ताटलीत जाड जाड खांडं पडायला लागतात. तोंड हो म्हणतंय, हात नाही म्हणतोय. तू लिहायचं फक्त ताटलीतलं. घरात आता सुपारी खाणारं कुणी नाही हे निवेदकानं सांगायचं नाही. सून डबा घासायला काढते आणि तो काठोकाठ भरलेला निघतो, एवढ्यात कळतं.

सहाव्या पानावर माईचं बोट कापलंस ते काढ. रक्त दिसलं की वाचक बोटाकडे बघतो, माई बाजूला पडते. बंद पडलेलं घड्याळही काढ, आणि वाळलेली तुळस तर आधी काढ. तीन तीन प्रतीकं एका खोलीत ठेवलीस की तिन्ही नाटकातल्या सामानासारखी दिसतात.

चौथ्यांदा शेवटी. तिथे सध्या माई अडकित्ता विहिरीत टाकते. अरे, माई असं करेल? फ्लॅटमध्ये विहीर कुठली? त्यापेक्षा विनय खिळा आवळून आणू दे, अगदी मायेनं. माई एक सुपारी फोडून बघते, 'छान चालतो हो आता' म्हणते आणि अडकित्ता कपाटात ठेवते. त्यापुढे एक शब्द लिहू नकोस.

संपादकांना कळव की सहावं पान गाळल्यानं कथा आटोपशीर झाली. दिवाळी अंकवाल्यांना पानाची बचत झाली की अर्थाची फारशी फिकीर नसते.

मंजूचं जमलं हे ऐकून बरं वाटलं. हॉल मिळाला का? वहिनींना नमस्कार. दुरुस्त प्रत आधी माझ्याकडे पाठव, संपादकांकडे नंतर.

तुझा,
मन्या