आजी, अलेंतेजू आणि पेनिशचा किल्ला

लिस्बन, २७ एप्रिल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतास, मागे मेसचा गोंगाट, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. ‘ज्यांनी साडेचारशे वर्षं गोवा दाबून ठेवला, त्यांच्या देशात कौतुकानं काय फिरता?’ एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं. बाबा म्हणाले, सोडून दे, वयच तसं आहे. मी बरी सोडीन! मनूला ईस्टरची सुट्टी होती, आजी आल्याच होत्या, म्हणून आम्ही भटकलो. त्या भटकंतीत तुझ्या प्रश्नाचा विषय आपोआपच निघाला.

लिस्बनहून दक्षिणेला जाताना तेजो नदीवरचा लाल झुलता पूल लागतो. १९६६ साली तो खुला झाला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. आता त्याचं नाव ‘२५ एप्रिल’. का, ते पुढे येईलच.

पूल ओलांडून तासभर गेलं की अलेंतेजू. जूनमध्ये हा मुलूख करपून पिवळा पडतो, पण आत्ता हिरव्या गवतात लाल पॉपी, पिवळी-जांभळी रानफुलं, नुसती उधळण. विजेच्या खांबांवर करकोच्यांची भलीमोठी घरटी. ते चोची आपटून खटखट वाजवतात. मनूनं पहिली काही घरटी मोजली, मग कंटाळली.

मला सगळ्यात आवडली ती बुचाच्या ओकची झाडं. (पुण्यातल्या बुचाच्या फुलांशी यांचा संबंध नाही.) बूच म्हणजे याच झाडांची साल, आणि जगातलं जवळजवळ निम्मं बूच हा एवढासा देश देतो. साल सोललेलं खोड कावेनं रंगवल्यासारखं तांबडं दिसतं आणि त्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा असतो. आकडा ३ म्हणजे २०२३ मध्ये सोललंय. त्यानंतर नऊ वर्षं त्याला हात लावायचा नाही, तसा कायदाच आहे. पहिली सोलणी झाड साधारण पंचविशीत आल्यावर. आणि बाटलीला चालणारं चांगलं बूच तिसऱ्या सोलणीपासून, म्हणजे झाडानं चाळिशी ओलांडल्यावर. आजी म्हणाल्या, “आमच्या सांगलीत आडसाली उसाला अठरा महिने लागतात, तर माणसं कुरकुरतात.”

तिथल्या एव्हरा शहरात मुक्काम केला. रोमन देवळाचे खांब बघितले, हाडांनी मढवलेल्या चॅपलमध्ये आजी आल्या नाहीत (“जिवंतपणी कशाला?”), एवढं पुरे. जेवणाचं सांगते. त्यांना पालेभाजीशिवाय चालत नाही आणि इथे जिकडेतिकडे डुकराचं मांस, त्यामुळे मी धास्तावले होते. तिथल्या खानावळीतल्या बाईनं ‘असोर्दा’ आणलं. लसूण, मीठ आणि मूठभर कोथिंबीर खलबत्त्यात कुटायची, वर ऑलिव्हचं तेल, उकळतं पाणी, आणि त्यात शिळ्या पावाचे तुकडे. वर अंडं असतं, ते आम्ही नको म्हटलं. आजींनी वास घेतला आणि बाउल पुढे ओढला. चीजचंही असंच. वासराच्या पोटातलं विरजण घातलंय का, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. पण इथलं मेंढीच्या दुधाचं चीज एका काटेरी झाडाच्या जांभळ्या फुलांचे तुरे भिजवून विरजतात. बाईनं वाळलेले तुरे तळहातावर घेऊन दाखवले. आजींनी दोन गोळे विकत घेतले.

तिथून मेर्तोलाला गेलो. ग्वादियाना नदीच्या काठावरचं टेकडीवरचं गाव. तिथलं चर्च आधी मशीद होतं. १२३८ मध्ये गाव ख्रिस्ती सरदारांच्या हाती गेलं. त्यांनी मशीद पाडली नाही, तिचंच चर्च केलं. अल्तारमागे मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, अजून आहे. बाबा तिथे कितीतरी वेळ नुसते उभे होते.

परतल्यावर पेनिशला जायचं मीच ठरवलं. लिस्बनच्या उत्तरेला, समुद्रात घुसलेल्या खडकावरचा किल्ला. सालाझारच्या काळात तिथे राजकीय कैदी ठेवत. आता ते प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, २०२४ मध्ये खुलं झालं. भेटीच्या खोलीत कैदी आणि त्याची बायको-मुलं यांच्या मध्ये काच, आणि बोलणं ऐकायला पहारेकरी. बाहेर अडीच हजारांवर कैद्यांच्या नावांची भिंत. बहुतेक नावं पोर्तुगीज माणसांचीच. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा याच किल्ल्यात कैदेत होते. आणि आपल्या सांगलीचे मोहन रानडे, जे गोव्यात मराठी शिकवायचे आणि गोवा मुक्तिलढ्यात होते, त्यांना लिस्बनजवळ काशियाशच्या तुरुंगात ठेवलं होतं. गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षं. सुटले जानेवारी १९६९ मध्ये. कश्काइशला जाणाऱ्या लोकलमध्ये ते स्टेशन लागतं. आपण गेल्या वर्षी त्यावरून समुद्रावर गेलो होतो, तू कानात हेडफोन घालून बसला होतास.

नावांच्या भिंतीपाशी एक म्हातारे गृहस्थ भेटले. कुठले तुम्ही, भारतातले म्हणजे गोव्याचे का, हे इथे सगळेच विचारतात. आजी मनूला म्हणाल्या, “सांग त्यांना, आम्ही सांगलीचे. माझे मामा १९५५ साली गोव्याच्या सत्याग्रहाला, सीमेवरच्या पत्रादेवीला गेले होते. यांच्या पोलिसांनी त्यांची पाठ फोडून काढली होती. मी आठ वर्षांची होते, हळद मीच लावायची.” मनू लाजेनं लाल झाली. पण आजीपुढे कोणाचं चालतं? तिनं अडखळत पोर्तुगीजमध्ये सांगितलं. गृहस्थ थांबले. मग म्हणाले, “त्यांनी मलाही मारलं. १९६२ साली, लिस्बनमध्ये, विद्यार्थी होतो तेव्हा.” आजींनी विचारलं, “किती दिवस ठेवलं होतं?” आणि मग ती दोघं बाकावर बसून, मध्ये मनूला दुभाषी करून, कोणी कोणाला कसं मारलं याच्या गोष्टी सांगत बसली. वारा एवढा की निम्मे शब्द उडून जात होते. मी आणि बाबा लांब उभे राहिलो.

परवा २५ एप्रिल झाला. १९७४ मध्ये याच दिवशी सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी सालाझारनं उभी केलेली ती राजवट उलथवली आणि लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशन खोचली. दरवर्षी लिस्बनच्या आवेनिदा द लिबेरदाद या मोठ्या रस्त्यावर मोर्चा असतो, तिथे आम्ही गेलो. आपण गोवा १९६१ मध्ये घेतला, पण पोर्तुगालनं ते मान्य केलं १९७४ च्या शेवटच्या दिवशी, ही राजवट गेल्यावर. तेव्हा ‘ज्यांनी दाबून ठेवला’ म्हणतोस त्यात पेनिशच्या भिंतीवरचे धरायचे की नाहीत, ते तू ठरव. मला विचारशील तर नाहीत. आणि वाद घालायचा असेल तर आजींशी घाल.

आजी १० मेच्या विमानानं निघतायत. मुंबईला त्यांना घ्यायला तूच जा, काकांवर ढकलू नकोस. चीजचा एक गोळा त्यांच्या बॅगेत आहे, तो सांगलीच्या भिशीतल्या बायकांसाठी आहे, हॉस्टेलवर न्यायचा नाही. तुझ्यासाठी मी वेगळा ठेवलाय. पेपर कसे जातायत ते कळव, आणि जूनचं तिकीट लवकर काढ, उशीर केलास की भाडं दुप्पट होतं.

तुझी
आई