उस्ताद, तुम्ही ‘नको’ म्हणालात म्हणून

उस्ताद, सलाम.

जीप तुमच्या गॅरेजमधून दुरुस्त करून आणली त्याला आता एक पावसाळा आणि सीताफळाचा एक अख्खा हंगाम झाला. फोनवर शुक्रिया म्हणालो होतो, पण तुम्ही तेव्हा कुणाच्या तरी गाडीखाली होतात आणि “हां हां, ठीक है” म्हणून फोन ठेवलात. माझं मन काही तेवढ्यावर भरलं नाही. म्हणून हे उघड पत्र. आपल्या बीडकडे जुनी फोर बाय फोर जीप सांभाळून असलेले बरेच जण आहेत, त्यांनीही वाचावं, म्हणजे तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते त्यांनाही कळेल.

तुम्हाला माहीतच आहे, माझं रान पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या उतारावर. बाग बरडावर, आणि सडकेपासून वर तीन किलोमीटरची वाट. अर्धी काळ्या दगडाची, अर्धी काळ्या चिकण मातीची, मधे ओढा. सीताफळ झाडावरून उतरवलं की दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, ते कुणासाठी थांबत नाही. अशा वाटेवर एका वर्षात मागचा एक्सल शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, दोनदा तुटला. दुसऱ्यांदा तुटला तेव्हा गाडीत भरलेले क्रेट आम्ही डोक्यावरून खाली आणले. मी, बायको आणि शेजारचे दोघं. रात्रीचे अकरा वाजले. तिच्या मानेला महिनाभर शेक द्यावा लागला.

त्या रात्री मी ठरवलं की आता मिनी ट्रकचाच मागचा एक्सल टाकायचा, फुल फ्लोटिंग, म्हणजे प्रश्नच मिटला. भंगारवाल्यानं 28,000 सांगितले होते. त्याआधी जीपचाच एक जुना मागचा एक्सल 11,000 ला घेऊन अंगणात टाकला होता, पण तो आता मला लेचापेचा वाटायला लागला होता. सोयाबीनचे पैसे हातात होते. तुमच्याकडे आलो तो सल्ला विचारायला आलोच नव्हतो. मोठा एक्सल बसवायचे किती घ्याल, एवढंच विचारायला आलो होतो.

तुम्ही आकडा सांगितला नाहीत. “टूटा हुआ शाफ्ट किधर है?” म्हणालात. नशीब, तो मागच्या सीटखाली तसाच पडला होता. तुम्ही तो रॉकेलच्या फडक्यानं पुसला, उन्हात नेला आणि तुटलेलं तोंड माझ्यासमोर धरलंत. ते तोंड मी अजून विसरलो नाही. बराचसा भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या, आणि एका कडेला तेवढा दाणेदार, ताजा तुकडा. “ये एक झटके में नै टूटा,” तुम्ही म्हणालात, “महिनों से टूट रहा था.” वळ्या जिथून सुरू झाल्या होत्या त्या जागेवर तुम्ही नख ठेवलंत. चाकाच्या हबची चावी, म्हणजे हबला शाफ्टशी जखडणारी लोखंडी पाचर, बसते त्या खाचेचा कोपरा होता तो.

झटक्यानं तुटलेला शाफ्ट पिळवटतो, दोरीच्या पिळासारखा. माझा पिळला नव्हता. हबवरचा नट सैल राहिला होता, हब चावीवर थोडं थोडं हलत होतं, आणि खाचेतून भेग रोज जराशी पुढं सरकत होती. त्यात मी चाकं बाहेर काढायला स्पेसर लावले होते. आपल्या जीपचा एक्सल सेमी फ्लोटिंग, म्हणजे गाडीचं वजनही शाफ्टच्याच टोकावर. चाक जितकं बाहेर, तितका शाफ्टवर ताण जास्त. हे सगळं मीच केलेलं होतं. तुम्ही मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत, नुसतं सांगत गेलात.

मग हाउसिंग, म्हणजे एक्सलचं बाहेरचं कवच. मागच्या दोन्ही टायरवर खडूनं खुणा केल्या, पुढच्या अंगाला दोन चाकांतलं अंतर टेपनं मोजलं, गाडी अर्धा फेरा ढकलून त्याच खुणा मागच्या अंगाला नेल्या आणि परत मोजलं. सात मिलिमीटरचा फरक आला. त्याच खुणांवर मोजायचं म्हणजे रिम वाकडी असली तरी माप चुकत नाही, हेही तुम्ही माझ्या पोराला समजावून सांगितलंत. क्रेट भरून दगडावरून आपटून आपटून हाउसिंगची नळी वाकली होती. शाफ्टच्या आतल्या टोकाचे दाते एकाच बाजूनं झिजले होते ते त्यामुळेच.

आणि मग माझ्या मिनी ट्रकच्या एक्सलची पाळी. त्यावर तुमचं बोलणं मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं, कारण हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. फुल फ्लोटिंग चांगलाच, असं तुम्हीही म्हणालात. वजन हबच्या बेअरिंगवर जातं, शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो, तुटला तरी चाक निघून पडत नाही. पण माझ्या गाडीला तो घेतला तर रुंदी जास्त, चाकं मडगार्डच्या बाहेर. आपल्या चाकाला साडेपाच इंचाच्या वर्तुळावर पाच बोल्ट, त्याचे निराळे, म्हणजे मागं पुढं वेगवेगळी स्टेपनी. जुन्या विलीज घराण्याच्या जीपचा मागचा डिफ्रन्शियल, म्हणजे एक्सलवरचा दात्यांचा गोळा, मधोमध नसतो, ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, रेषेत एका अंगाला असतो. मधोमध गोळा असलेला एक्सल आणला की त्या पेटीतून एक्सलकडे येणारा प्रॉपेलर शाफ्ट तिरका चालतो आणि क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचे सांधे, खातो. ट्रकचा गोळाही मोठा, तेवढ्याच टायरवर तो खाली लोंबणार आणि माझ्या वाटेवरचा पहिला दगड त्यालाच लागणार. ब्रेकचं ऐकून तर मी गप्पच झालो. मागचे ड्रम ट्रकचे आणि मास्टर सिलेंडर जीपचा, असं केलं तर पेडल खोल जातं आणि उतारावर मागची चाकं आधी जाम होतात. “धारूर के घाट में गाडी आडवी होईल,” एवढं बोलून तुम्ही पाना उचललात. शिवाय आरसीवर लिहिलेल्यापेक्षा गाडी निराळी करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

28,000 चा एक्सल बसवून घ्यायला गिऱ्हाईक दारात उभं होतं. बसवणावळीचे तुम्हाला मिळाले असते. तुम्ही नको म्हणालात.

अंगणातला एक्सल घेऊन या, म्हणालात. दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून आणला. तुमच्या पोऱ्यानं एका बाजूचा ड्रम धरून ठेवला, तुम्ही दुसऱ्या बाजूचा बरोबर दोन फेरे फिरवलात, आणि मला पिनियनच्या, म्हणजे गोळ्यातल्या छोट्या दातेरी चाकाच्या, फ्लँजवरच्या खडूच्या रेघेचे फेरे मोजायला लावलंत. पाच, आणि वर एक तृतीयांशाहून थोडा जास्त. मग माझ्या जीपचं पुढचं एक चाक जॅकवर घेऊन तसंच केलं. पाचालाही थोडा कमी. उघडल्यावर दाते मोजले. भंगारातल्याचे क्राउनचे, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाचे, 43 आणि पिनियनचे 8, माझ्या गाडीचे 39 आणि 8. एक 5.38 चा, दुसरा 4.88 चा, म्हणजे क्राउनच्या एका फेऱ्याला पिनियनचे तेवढे फेरे. मी हा एक्सल तसाच बसवला असता आणि फोर व्हील टाकलं असतं, तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडली असती. चिखलात घसरून निभावलं असतं, पण दगडावर सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये साठला असता. बाहेरून दोन्ही एक्सल हुबेहूब सारखे दिसतात. मी तर स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठकीतलं अंतर मोजून खूश झालो होतो.

तुम्ही दोन रस्ते ठेवलेत. पुढंही 43-8 टाकायचा, मग माझे 31 इंची टायर राहू द्यायचे, कारण 28 चे टायर 31 केले की 4.88 चा एक्सल 4.4 सारखा चालतो, इंजिन दमतं, क्लच जळतो, आणि 5.38 नं ती कसर बरोबर भरून निघते. पण त्यात पुढच्या जोडीचा आणि सेटिंगचा खर्च. नाहीतर मूळ मापाचे टायर परत घालायचे, स्पेसर काढायचे, आणि माझीच 39-8 ची जोडी भंगारातल्या सरळ हाउसिंगमध्ये बसवायची. “पैसा किधर डालना, वो तू बोल.” मी दुसरा रस्ता धरला, आणि पहिल्यांदा मला वाटलं की निर्णय माझा आहे.

क्राउन-पिनियन बसवताना तुम्ही दिवसभर शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलत होतात. दात्यांना निळं लावायचं, फिरवायचं, ठसा बघायचा, परत खोलायचं. चौथ्या वेळेला ठसा दाताच्या मधोमध आला तेव्हा तुम्ही मला हाक मारून दाखवलात. हाउसिंगच्या नळ्यांखाली पट्टी मारली तीही एका दमात नाही. बोटभर टाका इकडं, बोटभर तिकडं, मधे थंड होऊ द्यायचं, नाहीतर सरळ आणलेली नळी वेल्डिंगच वाकवतं. शाफ्टना नवी चावी, नवे बेअरिंग, नवे सील. पाच फुटी पाइप लावून हबचा नट आवळलात आणि 500 किलोमीटरनंतर परत आवळायचा म्हणून डॅशबोर्डवर ऑइलपेंटनं लिहून ठेवलंत.

एक गोष्ट तर मी मागितलीही नव्हती. जुन्या एक्सलमधलं ऑइल काढलं ते दुधाच्या चहासारखं निघालं. तापलेला एक्सल ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. तुम्ही ब्रीदरला, म्हणजे एक्सलच्या हवेच्या भोकाला, रबरी नळी जोडून ती वर बॉडीपर्यंत नेलीत. बिलात लावली नाहीत.

सगळं मिळून तुम्ही 16,500 घेतलेत, बेअरिंग आणि ऑइलसकट. उरलेल्या पैशातून बागेतल्या ठिबकच्या फाटलेल्या नळ्या बदलल्या.

हंगामात गाडी रोज दोन खेपा करत होती, क्रेट तुम्ही सांगितलात तेवढेच. ओढा दोनदा बॉनेटच्या निम्म्यापर्यंत चढला होता. दिवाळीनंतर ऑइल तपासलं, मधासारखं स्वच्छ. नट 500 किलोमीटरला थोडा आवळून घेतला होता, त्यानंतर हललेला नाही. बायकोनं या वर्षी एकही क्रेट डोक्यावर घेतला नाही, आणि हे तुम्हाला नक्की कळवा असं तिनंच सांगितलं.

पोरगा सुट्टीत तुमच्याकडे शिकायला येतो म्हणतोय. त्याला येऊ द्याल का, तेवढं सांगा. यंदाचा पहिला बहार उतरला की दोन क्रेट तुमच्या गॅरेजवर ठेवून जाईन, एक तुमच्या घरी आणि एक त्या ड्रम धरणाऱ्या पोऱ्याला.

तुमचा,
पाटोद्याचा सीताफळवाला