दिन्या, दावा लावच

सांगली,
२ ऑगस्ट २०२६

प्रिय दिन्या,

काल वहिनींचा फोन आला. शर्ट घालताना तुझी बाही अजून त्यांना धरावी लागते म्हणे. मला रात्रभर झोप नाही. आयर्विन पुलावरून कृष्णेच्या पुरात उडी टाकून सपासप हात मारत काठाला लागणारा तू! आणि फ्लूच्या लशीचं हे दुखणं जवळपास तीन वर्षं गिळून बसलास?

सुई फार वर टोचली की लस दंडाच्या स्नायूत न जाता खांद्याच्या सांध्यालगतच्या पिशवीत जाते आणि तिथे सूज धरते. तुझ्या एमआरआयमध्ये तेच दिसतंय. लशीचं साधं दुखणं दोन-चार दिवसांत जातं रे.

टोचणाऱ्या पोरीच्या पोटावर पाय नको, असं तू म्हणतोस. पण भरपाईचा दावा तिच्यावर नसतोच. तुमच्याकडच्या, अमेरिकेतल्या १९८६ च्या कायद्याने त्यासाठी वेगळा निधी केलाय. तू घेतलेल्या त्या डोसमागेही ७५ सेंट त्यात जमा झालेत. समोर असतं सरकारचं आरोग्य खातं, आणि चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. २०१७ पासून ही खांद्याची इजा त्यांच्या भरपाई मिळणाऱ्या इजांच्या तक्त्यातच आहे: आधी खांदा धड होता, ४८ तासांत दुखू लागलं, हात वळेना, दुसरं कारण नाही, आणि त्रास सहा महिन्यांवर टिकला. तुझं सगळं बसतं. वकिलाची फीसुद्धा निधीतूनच मिळते. यात लशीला विरोध कुठे आला? लसीकरण चालू राहावं म्हणूनच तो कायदा झाला.

इथे माझ्याकडे तासगावची एक बाई आली होती, द्राक्षबागेत विरळणी करणारी. मांडवाखाली दिवसभर हात वर धरायचं काम. इंजेक्शननंतर तिचाही खांदा असाच धरला. आपल्याकडे असा निधी नाही. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जायचं आणि डॉक्टरचा हलगर्जीपणा आपणच सिद्ध करायचा. तसं लेखी मत द्यायला एकही डॉक्टर तयार झाला नाही. आम्ही हरलो. तिचा मजुरीचा हात गेला तो गेलाच. तुझ्यापुढे दार उघडं आहे आणि तू उंबऱ्यावर बसून राहिलास, याचा मला राग येतो.

तेही दार आता लागेल. पहिलं दुखणं सुरू झाल्यापासून तीन वर्षांची मुदत. लस ऑक्टोबर २०२३ मधली, आणि त्याच रात्री कळ आली होती ना? म्हणजे हातात जेमतेम दोन महिने.

लस घेतल्याची नोंद, पहिल्यांदा दाखवलंस त्या डॉक्टरचे कागद आणि फिजिओची बिलं वहिनींना काढून ठेवायला सांगितलीत. उद्या सोमवार. अशी प्रकरणं चालवणाऱ्या तिकडच्या वकिलाला फोन कर आणि लगेच मला कळव. इथे रात्र असली तरी चालेल, मी जागा असेन.

तुझाच,
सद्या