टेस्टमधली बरोबरी कॉलेजातच शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाच्या दिवसांत आपल्या अंकात अभियांत्रिकी कॉलेजांच्या प्लेसमेंटवर भरभरून छापून येतं. त्या मुलांचं पहिल्या नोकरीत नेमकं कुठे अडतं, याविषयी थोडं. मी हिंजवडीत बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर टेस्ट ऑटोमेशनचं, म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं (टेस्टचं) काम करते. नव्याने रुजू झालेल्यांचा कोड तपासणं माझ्याकडेच असतं.

मुलं हुशार आहेत, युनिट टेस्टची (कोडच्या एका लहान तुकड्याच्या तपासणीची) व्याख्या तोंडपाठ असते. पण दोन बिलं समान आहेत का ते तपासा म्हटलं की गाडी अडते. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत, समान कशाला म्हणायचं ते सांगणारं ‘इक्वल्स’ आपण लिहून दिलं नाही, तर आतला मजकूर तंतोतंत जुळत असूनही दोन ऑब्जेक्ट (इथे मेमरीतली दोन बिलं) सहसा वेगळीच धरली जातात. मेमरीतलं ते एकच ऑब्जेक्ट आहे का, एवढंच पाहिलं जातं. टेस्ट फेल झाली की मुलं पळवाट काढतात. फक्त एकूण रक्कम ताडून पाहतात आणि तीही ‘असर्ट ट्रू’मध्ये, म्हणजे नुसतं खरं की खोटं एवढंच पाहणाऱ्या तपासणीत. पुढे कधी टेस्ट लाल झाली, म्हणजे फेल झाली, तर स्क्रीनवर एवढंच दिसतं: अपेक्षित ट्रू, मिळालं फॉल्स. कर चुकला की बेरीज, काही कळत नाही. मग रिलीजच्या घाईत कुणीतरी अपेक्षित उत्तरच बदलून टेस्ट हिरवी करतं. याचा मला मनापासून संताप येतो, कारण चुकीचं बिल शेवटी कुणाच्या तरी घरी जातं.

शंभराच्या दोन नोटा वाण्याला सारख्याच, पण नोटांचे नंबर नोंदवणाऱ्याला वेगळ्या. बिलाचंही तसंच: छापल्याची वेळ वेगळी असली तर चालेल, कराची रक्कम वेगळी असून चालणार नाही. हे टेस्ट लिहिणाऱ्याने आधी ठरवायचं असतं. रकमांना तर फारच जपावं लागतं. ‘डबल’ या जावातल्या संख्यांच्या नेहमीच्या प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, कारण हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके मावत नाहीत. म्हणून दशांश नेमके ठेवणारं ‘बिगडेसिमल’ वापरावं, तर तिथे २.० आणि २.०० हे दशांशाची घरंही मोजणाऱ्या ‘इक्वल्स’ला असमान आणि फक्त किंमत ताडणाऱ्या ‘कंपेअरटू’ला समान!

मराठीची गोष्ट मला जास्त लागते. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण यादीत) स्वतंत्र अक्षर आहे, आणि ‘र’ला नुक्ता (खालचा ठिपका) जोडूनही तोच बनतो. वाचणाऱ्याला गाव एकच, संगणकाला दोन. तुलनेआधी नॉर्मलायझेशन केलं, म्हणजे दोन्ही एकाच रूपात आणले, की हे दोन जुळतात. पण ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून टाइप केलेला तसाच दिसणारा तिसरा प्रकार तेवढ्यानेही जुळत नाही. आमच्याकडे येणाऱ्या टेस्ट डेटात बहुतेक नावं इंग्रजीच असतात, त्यामुळे हे पकडलंच जात नाही. पुण्यात बसून, मराठी मुलांनी लिहिलेल्या टेस्टमध्ये एकही मराठी गाव नसावं?

प्राध्यापकांना विनंती आहे की प्रात्यक्षिकाचा एखादा तास यासाठी द्यावा. मुलांना एक बिल द्या, त्यातलं एकच फील्ड (कर, तारीख असा एखादा रकाना) मुद्दाम बिघडवा आणि फेल झालेल्या टेस्टचा मेसेज मोठ्याने वाचायला लावा. कोणतं फील्ड, अपेक्षित काय, मिळालं काय, हे त्यातून समजत नसेल तर टेस्ट पुन्हा लिहून घ्या. पत्त्यात कऱ्हाड जरूर घाला.

आपली,
एक सॉफ्टवेअर टेस्टर,
वारजे, पुणे