डॉक्टर मॅडम, तुमच्या खिशातल्या त्या कागदासाठी थँक्यू

डॉक्टर मॅडम,

तीन आठवडे मी वही घेऊन तुमच्या मागे मागे फिरलो, राऊंडला, ड्युटी रूममध्ये, रात्री अडीचला लिफ्टमध्ये सुद्धा, आणि तुम्ही एकदाही "आता पुरे" म्हणाला नाहीत. हे आभार तेव्हाच मानायला हवे होते, राहून गेलं.

त्याआधी डॉक्टरांच्या कामासाठी ॲप बनवणाऱ्या आमच्या टीमने डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या होत्या. सगळे म्हणाले काम कॉम्प्युटरवरच होतं, आणि ते काही खोटं बोलत नव्हते, पण हाताला सवय झालेली गोष्ट सांगताना सुचतच नाही ना. म्हणून तर एथ्नोग्राफी, म्हणजे माणूस काम करतो तिथे जाऊन थांबायचं आणि बघायचं. 1980 च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ ल्यूसी सचमन यांनी झेरॉक्सच्या लॅबमध्ये लोक कॉपी मशीनपाशी कुठे अडकतात ते असंच बघितलं होतं, हे वाचून माहीत होतं, पण वाचणं वेगळं.

तुमच्या ॲप्रनच्या खिशात चार घड्या घातलेला कागद असायचा. प्रत्येक पेशंटपुढे बारीक चौकोन. रिकामा म्हणजे काम बाकी, अर्धा भरलेला म्हणजे रक्त पाठवलंय, पूर्ण काळा म्हणजे रिपोर्ट तुम्ही स्वतः बघितला. आमच्या ॲपमध्ये फक्त "बाकी" आणि "झालं" एवढंच होतं! पाठवलं आणि बघितलं यांच्या मधली सगळी काळजी त्या अर्ध्या चौकोनात होती. हँडओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या डॉक्टरकडे पेशंट सोपवताना, तुमचं बोट नेमकं तिथेच थांबायचं, "हिचं पोटॅशियम अजून यायचंय, विसरू नकोस".

आणि आम्ही मीटिंगमध्ये बसून म्हणत होतो की डॉक्टर लोकांना कॉम्प्युटर नकोच असतो म्हणून कागद वापरतात. याचं मला खरंच वाईट वाटतं. अमेरिकेत ओपीडीच्या डॉक्टरांवर 2016 मध्ये एक अभ्यास आला होता, पेशंटसोबतच्या दर 1 तासामागे जवळजवळ 2 तास कॉम्प्युटर आणि लिखापढीत जातात असं त्यात निघालं, ते आता वेगळंच टोचतं.

अजून एक. तुम्ही प्रत्येक पेशंटला आधी विचारायचात, हे थांबले तर चालेल का, आणि पडदा ओढला की मी बाहेर. ड्युटी संपली की कागद श्रेडरमध्ये. त्यामुळे माझ्याकडे तो कागद नाही, वहीत नुसते चौकोन काढलेले आहेत, नावं नाहीत.

आता आमच्या स्क्रीनवर अर्धा चौकोन आलाय. पुढच्या महिन्यात ट्रायलला घेऊन येतो, तेव्हा परत मागे फिरू द्या. आणि कागद मात्र खिशात राहू द्या, तो अजून कशाकशाला लागतो ते बघायचंय.