साडेसव्वीस तास

सातारा, रविवार

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "बाबा, पंधरा तासांचा तर प्रश्न आहे, लागलं तर लगेच निघतो." आजीला साध्या वॉर्डात हलवलंय. न्यूमोनिया उतरतोय, ऑक्सिजन आता रात्रीपुरताच. तेव्हा निघायची गरज नाही. पण ते पंधरा तास रात्रभर डोक्यातून जाईनात, म्हणून लिहितो.

तो आकडा तिकिटावरचा, न्यूयॉर्क ते मुंबई, गेट ते गेट. तुझ्या घरापासून विमानतळ दीड तास, तिथे तीन तास आधी हजेरी, विमानाचे साडेचौदा, मुंबईला इमिग्रेशन आणि बॅग मिळून दीड, मग साताऱ्यापर्यंत अडीचशे किलोमीटर, म्हणजे सहा तास धर. झाले साडेसव्वीस. त्यात खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला तर... जाऊ दे.

चौथीत असताना तू पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणला होतास, आठवतं? नकाशात सरळ पश्चिमेला दिसणारं गाव, आणि दोरा निघाला वर रशियावरून. नॉर्वे, आइसलंड करत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून खाली उतरला. "गोल चुकीचाय" म्हणून जेवला नाहीस. ते अंतर साधारण 12,500 किलोमीटर. पण त्या दोऱ्यावरून आता कुणाला धड जाता येत नाही. अमेरिकी कंपन्यांना 2022 पासून रशिया बंद, आपल्यांना एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आकाश बंद केलं. वळसा आलाच. इकडे येताना उंचावरून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीमचा वारा पाठीशी, म्हणून साडेचौदा तरी. जाताना तोच तोंडावर, सोळाच्या घरात.

समजा, नुसतं समजा, शनिवारी रात्री 9 ला उडालास. उन्हाळी वेळेत साडेनऊ तासांचा फरक, म्हणजे रविवारी रात्री 9 ला मुंबई, सोमवारी पहाटे साडेचारला दारात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमची घड्याळं मागे गेली की साडेपाच.

स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडू नकोस. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी हात वर करते, आणि बॅग मध्येच घेऊन पुन्हा चेक-इन करावी लागते. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर घे. पासपोर्टमधला व्हिसाचा स्टॅम्प आजच बघ. आय-797 वर, म्हणजे तुझ्या तिकडच्या मंजुरीपत्रावर, तारीख पुढची असली तरी स्टॅम्प संपलेला असेल तर परत जाताना कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट लागेल आणि तू इथेच अडकशील. नोकरीचं काय मग? सीट पॅसेजची घे, दर दोन तासांनी उठून चाल, पाणी पी.

झालं माझं व्याख्यान सुरू. माफ कर. बत्तीस वर्षांच्या माणसाला पाणी पी म्हणून सांगतोय.

आजी सिस्टरांना सांगते, नातू अमेरिकेत पूल बांधतो. तू पुलांचं सॉफ्टवेअर करतोस, पण मी तिला दुरुस्त करत नाही. आज सकाळी दोनदा विचारलं, "तिकडे किती वाजले?" दुपारी पुन्हा.

तू येऊ नकोस, खरंच. डॉक्टर म्हणतात आठवड्यात घरी सोडू.

निघालासच तर खंबाटकी उतरल्यावर फोन कर. गेटचं कुलूप काढून ठेवतो.

– बाबा