बाबांच्या गिटारीची ओळख पटवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, हे माहीत असूनही लिहिते आहे. आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आपल्या बडोद्यात एके काळी गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रे होते. त्यांतली किती वाद्यं आज माळ्यावर पडून असतील! तुम्ही आम्हाला जे दाखवलंत, ते त्या घरांपर्यंतही पोचायला हवं.

बाबा रेल्वेत होते. नोकरी प्रतापनगरला आणि जीव ऑर्केस्ट्रात. गणपतीत दांडिया बाजारात, नवरात्रात जिथे बोलावणं येईल तिथे ते गिटार घेऊन जायचे. ही इलेक्ट्रिक गिटार त्यांनी लग्नाआधी मुंबईहून आणली होती, एवढंच आईला ठाऊक. वरच्या टोकाला जिथे कंपनीचं नाव असतं, तिथे काळा रंग देऊन ऑर्केस्ट्राची आद्याक्षरं रंगवलेली. त्यामुळे ती कोणत्या कंपनीची, हे बाबा गेल्यावर सांगणारं कुणी उरलं नाही. एक जण म्हणाला, युरोपियन दिसते म्हणजे हॉफनर कंपनीची असणार, बीटल्सवाली. एका दुकानदाराने ती जपानी नक्कल ठरवली, आठ हजार देऊ केले आणि वर म्हणाला, ‘ठेवायचीच असेल तर रंग खरवडून नवीकोरी करून देतो.’ आई दोन्हीला नाही म्हणाली. त्यानंतर रावपुऱ्यातल्या एका जुन्या तबलजींनी तुमच्याकडे पाठवलं.

काका, पहिल्या भेटीत तुम्ही किंमतीबद्दल अवाक्षर काढलं नाहीत, हे मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं. मी दोनदा विचारलं. ‘आधी ही कोण आहे ते कळू दे,’ असं म्हणून तुम्ही गिटार उलटी करून सतरंजीवर ठेवलीत. खोलीतला दिवा घालवलात आणि टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरलात. वरच्या टोकाच्या मागच्या बाजूला, जुन्या पॉलिशच्या थराखाली, उजेड तिरका पडताच आकडे उमटले. समोरून बघताना तिथे काहीच दिसत नव्हतं. नखसुद्धा न लावता तुम्ही ते वाचलेत: आधी पाच आकडे, मग थोडी जागा सोडून ६६ आणि पुढे ई. तुमचा चेहरा असा उजळला की आईने विचारलं, ‘काय हो, काय सापडलं?’

सापडलं होतं ते हे की गिटार फ्रामुस या जर्मन कंपनीची आहे. त्या काळच्या फ्रामुस गिटारींवर नंबराच्या शेवटी वर्ष आणि महिना असतो, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. म्हणजे आमची गिटार मे १९६६ची. पण एवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. नंबर खोटाही घालता येतो, म्हणालात, आणि एकेक खूण तपासत गेलात. नेकच्या, म्हणजे गिटारीच्या मानेच्या, कडेवर बोट ठेवून तुम्ही आम्हाला लाकडाचे थर दाखवलेत, चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे बारीक आणि एकसारखे. एकसंध लाकडाऐवजी असे पातळ थर चिकटवून नेक बनवणं ही फ्रामुसची पद्धत. मग मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात त्या नटला लागून असलेली शून्य फ्रेट, म्हणजे एक जास्तीची आडवी धातूची पट्टी, दाखवलीत, जी त्या काळच्या जर्मन गिटारींवर सर्रास दिसते. शेवटी जुन्या कॅटलॉगांतली चित्रं काढून पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग), स्विच, ब्रिज (खालच्या बाजूला तारा टेकतात तो भाग) एकेक करून जुळवलंत. मॉडेल निघालं स्ट्रॅटो डिलक्स.

आणि करंगळीजवळची ती स्प्रिंगची खुंटी! आम्हाला वाटायचं, बाबांनी कुणाकडून तरी बसवून घेतली असेल. तुम्ही सांगितलंत की ती कंपनीचीच आहे. वाजवता वाजवता करंगळीने ती फिरवली की आवाज शून्यापासून हळूहळू वर चढतो, ऑर्गनचा भास होतो. संथ गाण्यांच्या सुरुवातीला बाबांच्या गिटारीचा आवाज असा लांबून येत येत मोठा व्हायचा, हे आईला पक्कं आठवत होतं. तुम्ही तारा जोडून एकच सूर छेडलात आणि खुंटी फिरवलीत. आई काही बोलली नाही, पण घरी येताना रिक्षात तिने बाबांची किती तरी गाणी सांगितली, जी मी कधी ऐकलीही नव्हती.

फ्रामुसची हकीकत तुम्ही सांगितलीत ती मी नंतर स्वतः वाचून काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या शोनबाखमधून हजारो जर्मन वाद्य-कारागिरांना घरदार सोडावं लागलं. शोनबाख म्हणजे आजचं लुबी. त्यांतले पुष्कळ जण बव्हेरियात एर्लांगेनजवळच्या बुबेनरॉइट या लहानशा गावात वसले आणि ते गाव वाद्यांचं झालं. हॉफनरही मूळची शोनबाखचीच आणि तीही बुबेनरॉइटला आली, तेव्हा हॉफनर म्हणणारा माणूस अगदीच भरकटला नव्हता. अशाच कारागिरांच्या हातांवर उभी राहिलेली फ्रामुस फ्रेड विल्फर यांनी १९४६ साली सुरू केली. साठच्या दशकात ती युरोपातल्या सर्वात मोठ्या गिटार कंपन्यांपैकी एक होती, रोलिंग स्टोन्स या बँडचा बिल वायमन तिची ‘स्टार बास’ नावाची बास गिटार वाजवायचा. सत्तरच्या दशकात कंपनी बुडाली. १९९५पासून विल्फर यांच्या मुलाच्या वॉरविक कंपनीने ते नाव पुन्हा चालवलं आहे. उखडलेल्या माणसांनी नव्या जागी पुन्हा पटाशी हातात धरली आणि त्यांच्या हातची एक वस्तू आमच्या घरी इतकी वर्षं नांदली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

किंमतीचं तुम्ही दुसऱ्या भेटीत बोललात आणि तेही किती सरळ! आम्ही घरात लाखांच्या गोष्टी करू लागलो होतो. तुम्ही शांतपणे सांगितलंत की भारतात ही क्वचित दिसते, पण जर्मनीत तशी दुर्मीळ नाही आणि फेंडर-गिब्सनसारख्या नामांकित अमेरिकन कंपन्यांच्या जुन्या गिटारींचे भाव हिला लावायचे नाहीत. इंटरनेटवर विकणारा जी किंमत मागतो ती बघायची नाही, वस्तू खरोखर केवढ्याला गेली ते बघायचं. मग आमच्या गिटारीचा हिशेब मांडलात. मूळ रंग शाबूत, पिकअप मूळचे आणि दोन्ही चालू, नेक सरळ: या जमेच्या बाजू. तारा ताणायच्या तीन खुंट्या बदललेल्या, आउटपुटचा सॉकेट बदललेला, कंपनीच्या नावावर रंग: या वजावटीच्या. असं करत तुम्ही ५० ते ६० हजारांचा अंदाज दिलात. दुकानदाराचं ऐकून रंग खरवडला असता तर जवळजवळ निम्मी किंमत तिथेच गेली असती, हेही सांगितलंत. आद्याक्षरांचा रंग काढायचा का, असं मी विचारलं तेव्हा तुमचं उत्तर होतं, ‘बाजाराला विचाराल तर काढा. मला विचाराल तर बाबांनी लिहिलंय ते राहू दे.’ ते राहिलं आहे.

ट्रेमोलोचा, म्हणजे सूर हलवायचा, दांडा मूळचा असेल तर शोधा, असं तुम्ही बजावलं होतंत. तो बाबांच्या दाढीच्या सामानाच्या डब्यात सापडला, तारा छेडायच्या जुन्या पिक्ससोबत. तुम्ही तो बसवून दिलात, सगळी माहिती दोन फुलस्केप कागदांवर स्वच्छ अक्षरात लिहून खाली सही केलीत, आणि पैशांचं पाकीट आईच्या हातात परत ठेवलंत. ती गोष्ट आईला अजून बोचते आहे, तेव्हा तिच्या हातचं काही घरी आलं तर कृपा करून परत पाठवू नका.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी अशी गिटार असेल, तर आधी तिचा वरचा भाग मागून तिरक्या उजेडात बघा. पुसू नका, खरवडू नका, डब्यातला एकही स्क्रू फेकू नका. आणि बघितल्या बघितल्या किंमत सांगणाऱ्याला ती देऊ नका.

आमची गिटार आम्ही विकत नाही आहोत. माझा भाचा तिच्यावर शिकतो आहे, तुम्ही सांगितल्याप्रमाणे हलक्या तारा लावून. पावसाळ्याच्या दमटपणाने नेकला बाक येतो का, ते बघायला तुम्ही सांगितलं आहे. नवरात्राच्या आधी घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
एक बडोदेकर